यूएक्सच्या कामाला नेमकं काय लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्राफिक डिझाइनमध्ये चार वर्षं काम झालंय, फिग्मा (स्क्रीन आखायचं साधन) चांगलं येतं, आता यूएक्सकडे, म्हणजे ॲप किंवा वेबसाइट वापरणाऱ्याचा अनुभव आखण्याच्या कामाकडे, वळायचंय. कोणती कौशल्यं शिकावीत आणि अंगात कोणते गुण असावे लागतात?

फिग्मा येतं हे उत्तमच, पण यादीत ते बरंच खाली येतं. चांगला सराव असलेल्या माणसाला असं कुठलंही साधन काही आठवड्यांत हाताळता येतं. या कामाचा कणा वेगळा आहे: समोर दिसलं काय आणि आपल्याला वाटलं काय, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येणं. लोकांशी बोलताना, स्क्रीन मांडताना, बटणावरचा शब्द ठरवताना, डेव्हलपरशी वाद घालताना, सगळीकडे हीच एक गोष्ट लागते. ती नसली तर देखणी स्क्रीनसुद्धा अंदाजपंचे दाहोदरसे.

सोयीसाठी एक उदाहरण धरून चालू. बसचं तिकीट काढायचं एक ॲप आहे, आणि त्यातलं एकच काम तपासायचंय: काढलेलं तिकीट रद्द करणं.

वापरणाऱ्या माणसाला समोर बसवून ॲप वापरायला लावायचं, ही चाचणी. त्यात त्याला काम कसं सांगायचं, इथूनच कसब सुरू होतं. स्क्रीनवर बटण आहे ‘आरक्षण रद्द करा’. तुम्ही म्हणालात, ‘तिकीट रद्द करून दाखवा’, तर माणूस ‘रद्द’ हा शब्द शोधणार आणि तो त्याला सापडणार. ही झाली वाचनाची परीक्षा. त्याऐवजी असं सांगा: ‘परवा कोल्हापूरला जायचं म्हणून तुम्ही हे तिकीट काढलंय. आता जाणं जमत नाहीये. काय कराल?’ यात ‘रद्द’ नाही, ‘आरक्षण’ नाही, ‘रिफंड’ही नाही. आता त्याचं बोट पहिल्यांदा कुठे जातं ते बघा.

तो अडकला की गप्प बसायचं. दहा सेकंदांची शांतता खोलीत फार लांब वाटते, आणि नवखा माणूस हमखास बोलून जातो, ‘वर बघा ना, उजवीकडे’. तिथे चाचणी संपली. त्याने विचारलं, ‘हे दाबलं तर पैसे कापतील का?’ तर उत्तर एकच: ‘तुम्हाला काय वाटतं?’ हे आधी उद्धट वाटतं, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवावं की मी मधे मदत करणार नाही, परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही; आणि जे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा.

नोंदवहीचे दोन भाग करा. डावीकडे फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं, उजवीकडे तुमचा अर्थ. ‘बटण सापडलं नाही, गोंधळल्या’ ही डावीकडची नोंद नव्हे, तो निष्कर्ष आहे. डावीकडची नोंद अशी दिसते: ‘०:४० माझी तिकिटं उघडलं. वर-खाली दोनदा सरकवलं. मागे गेल्या. १:१५ मदत उघडलं. १:५० – “हे डेपोत जाऊनच सांगावं लागेल बहुतेक.”’ याच नोंदीतून तीन वेगळे अर्थ निघू शकतात: बटण खाली दडलंय, बटण दिसलं पण ‘आरक्षण’ म्हणजे आपलं तिकीट हे लक्षात आलं नाही, किंवा ॲपमधून रद्द करता येतं अशी त्यांची कल्पनाच नव्हती. तिन्हींवरचे उपाय वेगळे. पहिल्यावर जागा बदलायची, दुसऱ्यावर शब्द बदलायचा, तिसऱ्यावर तिकीट काढतानाच ‘सुटायच्या आधी रद्द करता येईल’ असं सांगायचं. निष्कर्ष आधी लिहिला की तीनपैकी एकच उपाय सुचतो, तोही आपल्याला आवडलेला.

आपल्याकडे चाचणी घेताना एक अडचण कायम येते: भिडस्तपणा. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान आहे की’ असं उत्तर येतं, मग त्या माणसाने तीन वेळा चुकीचं बटण का दाबलेलं असेना. चुकलं की दोष स्वतःकडे घेतात: ‘मला यातलं फारसं कळत नाही हो, मुलगाच करतो सगळं.’ म्हणून मत विचारायचंच नाही, घडलेलं विचारायचं. ‘हे वापराल का?’ ऐवजी ‘मागच्या वेळी तिकीट रद्द केलं तेव्हा काय काय केलंत, पहिल्यापासून सांगा.’ मुलगा किंवा सून शेजारी बसून उत्तरं देऊ लागली तर त्यांना चहाच्या निमित्ताने आत पाठवण्याचं कौशल्य कुठल्याही अभ्यासक्रमात नसतं, पण लागतं. (आणि मुलगाच सगळं करत असेल, तर खरा वापरणारा कोण, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, हीही नोंद करण्याचीच गोष्ट.)

शक्यतो चाचणी त्या माणसाच्या स्वतःच्या फोनवर घ्या. तुमच्या नव्या फोनवर जे नीट दिसतं ते तडा गेलेल्या काचेवर, भरलेल्या मेमरीत आणि अक्षरांचा आकार ‘सर्वांत मोठा’ ठेवलेल्या फोनवर वेगळंच दिसतं. साठीच्या पुढचे कित्येक जण अक्षर मोठं करून ठेवतात. तिथे ‘आरक्षण रद्द करा’ दोन ओळींत मोडतं किंवा ‘आरक्षण र…’ एवढंच उरतं, आणि डिझायनरने ते कधी पाहिलेलंच नसतं.

आता आकडे. या क्षेत्रात गणित फार लागत नाही, पण जेवढं लागतं तेवढं पक्कं हवं. ‘पाच जणांची चाचणी पुरते’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. त्याचं मूळ याकोब निल्सन आणि थॉमस लँडॉअर या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रात आहे. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एखादी अडचण एका माणसाच्या चाचणीत दिसण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के होती. त्या हिशेबाने पाच जणांत साधारण ८५ टक्के अडचणी दिसतात. पण अडचण दहांतल्या एकालाच येणारी असेल, तर पाच जणांत ती एकदा तरी दिसण्याची शक्यता ४१ टक्केच. म्हणजे पाच जणांत दिसली नाही याचा अर्थ ती नाही, असा होत नाही. शिवाय ‘पाच’ हे एका गटासाठी आहे. कॉलेजची मुलं आणि निवृत्त शिक्षक यांची पाचात मिळून खिचडी करू नका; दोन गट, दोन वेळा. सहा-सात जणांना वेळ द्या, कारण एक-दोघे येत नाहीत. आणि त्याआधी ऑफिसमधल्या एकावर रंगीत तालीम घ्या. निम्मे चुकलेले प्रश्न तिथेच सापडतात.

दुसरी नेहमीची चूक: पाचांपैकी चौघांना जमलं, की अहवालात ‘यशाचं प्रमाण ८० टक्के’ असं लिहिलं जातं. एवढ्या लहान नमुन्यावर खरं प्रमाण कुठे असेल याचा ९५ टक्के खात्रीने काढलेला पल्ला साधारण ३६ ते ९८ टक्के इतका सैल येतो. ‘५ पैकी ४’ असंच लिहा. पाच जणांची चाचणी काय बिघडलंय ते शोधायला असते. किती बिघडलंय ते मोजायला जास्त माणसं लागतात. तसंच ‘सस’ (सिस्टम यूजेबिलिटी स्केल) या वापरायला किती सोपं ते मोजणाऱ्या प्रश्नावलीचं. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केलेली ही दहा वाक्यांची प्रश्नावली शंभरपैकी गुण देते, पण ते टक्के नव्हेत. सरासरी ६८ च्या आसपास येते, म्हणजे ७० गुण मिळाले तर ते ‘फर्स्ट क्लास’ नसून जेमतेम सरासरीच्या वर आहे. शिवाय तिच्यातली वाक्यं एकाआड एक सुलटी-उलटी असतात. उलट्या वाक्यांचे गुण उलटे करायला विसरलात की सगळी बेरीजच वाया.

लिहिणं. हे कौशल्य सगळ्यांत दुर्लक्षित आहे, आणि माझ्या मते ग्राफिककडून येणाऱ्यांनी सर्वांत आधी यावर मेहनत घ्यावी. उदाहरणातला सर्वांत भीतिदायक क्षण घ्या: यूपीआयने पैसे गेले, तिकीट आलं नाही. बऱ्याच ठिकाणी इथे लाल फुली आणि ‘व्यवहार अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा’ असं येतं. माणूस पुन्हा प्रयत्न करतो आणि दुसऱ्यांदा पैसे जातात. त्या घडीला त्याला पाच गोष्टी कळायला हव्यात: किती रुपये गेले, तिकीट निघालं की नाही, पैसे कधी परत येतील, तोवर काय करू नये, आणि तक्रार करायची तर कोणता क्रमांक सांगायचा. म्हणजे काहीसं असं: ‘तिकीट निघालेलं नाही. तुमच्या खात्यातून ₹४१० गेले आहेत. ते ५ दिवसांत त्याच खात्यात परत येतील. तोवर हेच पेमेंट पुन्हा करू नका. तक्रारीसाठी खालचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा.’ यातले ‘५ दिवस’ मनाने लिहिलेले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला किंवा सेवेला केलेलं यूपीआय पेमेंट असं अडकलं, तर व्यवहाराच्या तारखेपासून ५ दिवसांत ते आपोआप परत व्हायला हवं, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ज्या व्यवहाराची स्क्रीन करायची त्याचे नियम माहीत असणं हा यूएक्सचाच भाग आहे. ‘ते बिझनेसवाले बघतील’ म्हणणाऱ्याच्या हातून ‘लवकरच परत मिळतील’ असं गुळमुळीत वाक्य लिहिलं जातं.

मराठीत काम करणार असाल तर आणखी एक थर आहे, आणि त्यात मराठी डिझायनरला खरी आघाडी घेता येते. इंग्रजी स्क्रीन भाषांतराला पाठवली की वाक्यं तुकडे जोडून बनतात: शहराचं नाव, पुढे ‘हून’, मग दुसरं नाव, पुढे ‘ला’. ‘नाशिकहून सांगलीला’ ठीक दिसतं, म्हणून चाचणीत पास होतं. मग कोणीतरी पुणे-सातारा निवडतो आणि स्क्रीनवर येतं ‘पुणेहून साताराला’. विभक्तीआधी नावाचं सामान्यरूप होतं हे संगणकाला कोणी सांगितलेलंच नसतं. उपाय दोन: प्रत्येक गावाचं सामान्यरूप वेगळं साठवा (पुण्या, साताऱ्या), किंवा विभक्तीच टाळा. एसटीच्या पाटीने हे केव्हाच सोडवलंय: ‘पुणे – सातारा’. ‘तुम्ही लॉगिन झाला आहात’ हे वाक्य बाईसाठी चुकतं. ‘लॉगिन झालं’ सगळ्यांना चालतं. ‘१ तिकीट’ आणि ‘२ तिकिटं’ यांत शेवटी अक्षर जोडून भागत नाही, मधली वेलांटी बदलते. दोन्ही रूपं स्वतंत्र द्या. आणि ‘ओटीपी प्रविष्ट करा’, ‘निरस्त करा’ ही हिंदीवरून आलेली भाषा दिसली की काढा. आपल्याकडे ओटीपी टाकतात.

देवनागरीची मापंही डिझायनरनेच सांभाळायची. इंग्रजीसाठी बेतलेल्या ओळीच्या उंचीत ‘र्कीं’सारख्या अक्षराचा रफार-अनुस्वार वरून आणि ‘ट्टू’चा उकार खालून कापला जातो, म्हणून मजकुरासाठी अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी उंची ठेवा आणि अशीच वाईट अक्षरं घालून तपासा, ‘नमस्कार’ घालून नव्हे. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, तिथे हात लावू नका. मोठी लिपी-छोटी लिपी हा भेद आपल्याकडे नाही, म्हणून इंग्रजीत कॅपिटलने दाखवलेलं शीर्षक मराठीत आकाराने किंवा वजनाने दाखवावं लागतं. सर्वांत गमतीची चूक गोल चित्रातल्या आद्याक्षराची: ‘ज्ञानेश्वर’चं पहिलं अक्षर म्हणून प्रोग्रॅम ‘ज’ उचलतो, कारण त्याच्या लेखी ‘ज्ञा’ म्हणजे चार चिन्हं. ‘क्षेत्र’ आपल्याला दोन अक्षरी, संगणकाला सात चिन्हांचा. ‘नाव २० अक्षरांपर्यंत’ अशी मर्यादा घातली की ज्ञानेश्वररावांच्या नावाचा शेवट का तुटतो, ते आता लक्षात येईल.

दृश्य बाजू तुम्हाला येतेच, पण तिथेही ‘छान दिसतं’च्या जागी आकडा यायला हवा. वेब ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे दृष्टी कमी असलेल्यांनाही वापरता यावं यासाठीच्या, नियमांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ला १, मोठ्या मजकुराचा ३ला १. पांढऱ्यावरचा ९९९९९९ या कोडचा लाडका करडा रंग २.८५च भरतो, ७६७६७६ हा जेमतेम पास होतो. बोटाने दाबायची जागा अँड्रॉइडवर ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट (दोन्ही पडद्यावरची मापं). ४८ डीपी म्हणजे पडद्यावर साधारण ९ मिलिमीटर. आयकॉन लहान असला तरी चालेल, त्याभोवतीची दाबण्याची जागा एवढी हवी.

कोडिंग यायलाच हवं का? नाही. पण काय सोपं आणि काय अवघड हे कळलं पाहिजे, नाहीतर डेव्हलपर ‘होत नाही’ म्हणाला की तिथेच विषय संपतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नवखा माणूस प्रत्येक स्क्रीनचं एकच रूप काढतो, सगळं सुरळीत असतानाचं. ‘माझी तिकिटं’ या एका स्क्रीनची किमान सहा रूपं आहेत: एकही तिकीट नाही, माहिती येतेय, नेटवर्क गेलं पण जुनं तिकीट फोनमध्ये आहे, एकच तिकीट, चाळीस तिकिटं, एक तिकीट रद्द होऊन पैसे वाटेत आहेत. तिसरं रूप बसच्या दारात, कंडक्टर समोर उभा असताना लागतं, आणि नेमकं तेच काढलेलं नसतं. तुम्ही नाही काढलं तर डेव्हलपर मनाने काढतो, यात त्याचा दोष नाही.

स्वभावाबद्दल. सहानुभूती वगैरे सगळे सांगतात. प्रत्यक्षात रोज लागते ती आपलं काम मोडताना बघण्याची ताकद. तीन आठवडे खपून केलेली मांडणी समोरच्याने चार मिनिटांत उधळली की मनात पहिलं वाक्य येतं, ‘हा माणूसच चुकीचा निवडला’. ते वाक्य ओळखायला शिका. ग्राफिककडून आलेल्याला हे जास्त बोचतं, कारण तो कच्चं काम दाखवत नाही. रंग, सावल्या, सगळं सजवून मगच दाखवतो. मग लोक फक्त रंगांवर बोलतात आणि तुम्हालाही मोडवत नाही. पहिल्या दोन फेऱ्या कागदावर किंवा करड्या चौकटींत ठेवा.

दुसरा गुण म्हणजे चिवटपणा, पण भांडखोरपणा नव्हे. मीटिंगमध्ये ‘यूजरला हे आवडणार नाही’ म्हणालात की समोरचाही म्हणतो, ‘मला तर आवडलं’. मतासमोर मत, आणि पगार ज्याचा जास्त त्याचं खरं. त्याऐवजी ४० सेकंदांची चित्रफीत लावा, ज्यात बाई मदत उघडून डेपोत जायचं म्हणतायत. मग अडचणींना ० ते ४ अशी तीव्रता द्या: ० म्हणजे अडचणच नाही, ४ म्हणजे हे दुरुस्त केल्याशिवाय बाहेर सोडू नये. सगळ्यांना ४ दिलं की कोणालाच ४ नाही. पंचवीस मुद्द्यांचा अहवाल कोणी वाचत नाही. पहिल्या पानावर तीन ठेवा, प्रत्येकाला एक उपाय आणि तो कोणी करायचा ते लिहा.

आणि कधीतरी ‘नाही’ म्हणावं लागतं. तिकिटासोबत प्रवास विम्याची खूण आधीच केलेली ठेवा, ‘शेवटच्या २ जागा’ असं खोटंच दाखवा, अशी मागणी येते. इथे नीतीचं भाषण चालत नाही, नियम चालतो: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या क्लृप्त्या नावानिशी दिल्या आहेत. न विचारता टोपलीत वस्तू घालणं आणि खोटी घाई दाखवणं, दोन्ही त्यांत आहेत. ती यादी पाठ असू द्या.

पदवी असेल तर दार लवकर उघडतं. आयआयटी मुंबईचा आयडीसी हा डिझाइन विभाग १९६९ पासून आहे, तिथल्या एम.डेस. या पदव्युत्तर पदवीसाठी सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मात्र पदवीशिवाय आलेले, मानसशास्त्र, पत्रकारिता, वाणिज्य शिकलेले लोकही या कामात पुष्कळ आहेत. त्यांना दाखवायला काम लागतं, एवढंच.

ते काम असं तयार करा. मोठ्या ॲपची काल्पनिक नवी आवृत्ती करू नका; तुम्हाला त्यांच्या अडचणी माहीत नसतात आणि मुलाखत घेणाऱ्याने तशा पन्नास पाहिलेल्या असतात. जवळचं, खरं, लहान काहीतरी घ्या: सोसायटीचा तक्रारीचा फॉर्म, गावच्या वाचनालयाची पुस्तक-नोंद, शाळेचा प्रवेश अर्ज. ज्यांना तो भरावा लागतो अशा पाच जणांना भरताना बघा, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. ध्वनिमुद्रण करायचं तर आधी विचारा, कशासाठी ते सांगा आणि काम झालं की पुसून टाका. नावं, फोन नंबर पोर्टफोलिओत येता कामा नयेत. तीव्रता ३ आणि ४ च्या अडचणींवर उपाय काढा, आणि पुन्हा नव्या पाच जणांवर तपासा. मांडताना पहिल्या पानावर चकचकीत स्क्रीन ठेवू नका. अडचण एका वाक्यात, नोंदवहीतली डाव्या भागाची एक नोंद जशीच्या तशी, आणि त्यावरून काय बदललं ते ठेवा. दुसऱ्या फेरीत तुमचा जो उपाय फसला तोही ठेवा, कशामुळे फसला यासकट. मुलाखतीत बहुधा त्यावरच सर्वांत जास्त वेळ बोलणं होतं.